सीलबंद खोकं, वाचलेली फ्लॉपी

मार्च 2012 मध्ये जॉर्डन मेक्नर यांच्या वडिलांनी न्यूयॉर्कमधलं घर आवरायला काढलं, तेव्हा जुन्या गेम्सनी भरलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं हाती लागलं. त्यात मुलाने लिहिलेल्या खेळांच्या स्पॅनिश बाजारासाठी काढलेल्या प्रती होत्या, वेष्टनही न फोडलेल्या. त्यांच्याबरोबर साडेतीन इंची फ्लॉप्याही निघाल्या. त्यांवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ सोर्स कोड होता, अ‍ॅपल टू संगणकासाठी लिहिलेला. तो गेला असं धरून मेक्नर यांनी त्याचा शोध केव्हाच सोडून दिला होता.

जुन्या संगणकी खेळांचं वेड असणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. दोघांना त्या खोक्यापुढे आणून बसवलं असतं, तर एकाने वेष्टन कुठे फाटलंय का ते आधी बघितलं असतं आणि दुसऱ्याने फ्लॉपी वाचता येते का ते. हे पुस्तक या दोन पंथांविषयी आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने आपली बाजू सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी: मी दुसऱ्या पंथाचा. पण पहिल्या पंथाला नावं ठेवण्यात मला रस नाही, आणि का नाही तेही पुढे येईल.

एप्रिलच्या मध्यावर इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि अ‍ॅपल टूचे जाणकार टोनी डियाझ आपली यंत्रं घेऊन मेक्नर यांच्या घरी आले. फ्लॉप्या वीस-बावीस वर्षं पडून होत्या. इतक्या जुन्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर कधी ड्राइव्हच्या डोक्याबरोबर खरवडून निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येकीला एकदाच संधी मिळणार असं समजूनच काम करायचं असतं. सोर्स कोड हाती आला आणि लगोलग गिटहबवर सगळ्यांसाठी खुला झाला. तो 6502 प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत आहे. तोच वाचून 2018 मध्ये काही हौशी मंडळींनी 'प्रिन्स' बीबीसी मास्टर या ब्रिटिश संगणकावर उतरवला. त्या यंत्रावर तो त्या काळी कधी निघालाच नव्हता. वेष्टनातल्या स्पॅनिश प्रतींतून असं काही उगवलं नसतं.

तरीही बाजाराला विचाराल, तर भाव वेष्टनालाच आहे. जुलै 2021 मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची सीलबंद प्रत 8 लाख 70 हजार डॉलरना गेली, आणि दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ 64'ची प्रत 15 लाख 60 हजार डॉलरना. 'मारिओ 64' काही दुर्मीळ खेळ नव्हे. तो लाखोंनी खपला आणि आजही सहज खेळता येतो. पैसे मोजले गेले ते वेष्टनाला आणि त्याला मिळालेल्या 9.8 गुणांना. हे गुण देणारी वाटा नावाची कंपनी खोक्याचे कोपरे, कडा आणि वेष्टनाची शिवण तपासते, आणि मग ते जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून टाकते. पेटी फोडली की गुण गेले, आणि गुण गेले की पैसे गेले. म्हणजे इतके पैसे देणाऱ्या माणसाने आपण ही प्रत कधीही खेळणार नाही, एवढंच खरं तर विकत घेतलेलं असतं.

संगणकी खेळांच्या बाजारातले आकडे एवढे मोठे नाहीत, पण तऱ्हा तीच. रिचर्ड गॅरियट यांचा 'अकालाबेथ' हा पहिला खेळ टेक्सासमधल्या संगणकाच्या दुकानात विकायला ठेवला होता, तो झिपलॉकच्या पिशवीत. वरचं चित्र त्यांच्या आईने काढलं होतं. अशी पिशवी मिळावी म्हणून संग्राहक वर्षानुवर्षं ताटकळत बसतात. 2022 मध्ये याच वर्तुळात खळबळ उडाली. 'अकालाबेथ'सकट त्या काळच्या खेळांच्या ज्या प्रती जाणकारांमध्येच हातोहात विकल्या जात होत्या, त्यांतल्या कितीतरी बनावट आहेत असं खुद्द संग्राहकांनीच जाहीर केलं. संशय आला तो लेबलांची छपाई आणि त्यांची कापणी यांवरून. मला यात नवल वाटलं नाही. जी वस्तू कुणी उघडणार नाही, ज्यातली डिस्क कुणी यंत्रात घालणार नाही, तिची नक्कल करायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही; बरा प्रिंटर पुरतो.

थोडं विषयांतर करतो, कारण हा किस्सा गाळवत नाही. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत अटारी कंपनीने 1983 मध्ये न खपलेला माल पुरला होता. एप्रिल 2014 मध्ये तो कॅमेऱ्यांसमोर उकरून काढण्यात आला आणि गावाने त्यातल्या कार्ट्रिजांची विक्री करून एक लाखाहून जास्त डॉलर मिळवले. त्यातला सर्वांत गाजलेला खेळ 'ई.टी.'. तो कधी हरवलाच नव्हता. त्याचा जेमतेम आठ किलोबाइटचा डेटा ज्याला हवा त्याच्याकडे होता. लोकांनी पैसे मोजले ते वाळूला आणि वासाला.

आता पहिल्या पंथाच्या बाजूने. स्टीव्हन कॅब्रिनेटी नावाच्या अमेरिकन तरुणाने सॉफ्टवेअर जमवण्याचा सपाटा लावला होता. खेळ, त्यांची खोकी, मॅन्युअलं, जे येईल ते. आणि पुष्कळसं वेष्टनही न काढता. 1989 मध्ये त्याने सॉफ्टवेअरचा इतिहास जपण्यासाठी एक संस्थाही काढली. 1995 मध्ये कर्करोगाने तो गेला, तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याचा संग्रह पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला. त्यात सुमारे पंधरा हजार सॉफ्टवेअर होती. मग स्टॅनफर्डने अमेरिकन सरकारच्या निस्ट या मानक संस्थेबरोबर तो वाचायला काढला. खोक्यांचे फोटो घ्यायचे, डिस्का वाचून त्यांच्या प्रतिमा बनवायच्या, आणि वस्तू परत जागेवर ठेवायच्या. निस्टला त्यात रस होता तो वेगळ्याच कारणाने. गुन्ह्यांच्या तपासात जप्त केलेल्या संगणकावरच्या ओळखीच्या फायली चटकन बाजूला काढता याव्यात म्हणून ही संस्था सॉफ्टवेअरच्या फायलींच्या ठशांची एक मोठी यादी ठेवते. पोलिसी कामाच्या निमित्ताने खेळांची दप्तरनोंद झाली, हे मला फार आवडतं.

कॅब्रिनेटी नसता तर त्यातले कितीतरी खेळ वाचायला उरलेच नसते. 1985 साली दुकानातून उचलून नीट ठेवलेली कोरी डिस्क ही घरातल्या मुलाने शंभरदा घातलेल्या-काढलेल्या डिस्कपेक्षा कितीतरी भरवशाची साक्षीदार. वेष्टनात ती धुळीपासून वाचली, तिच्यावर कुणी दुसरं काही लिहिलं नाही. संग्राहकांशी माझं भांडण त्यांनी जमवलं म्हणून नाही. जमवल्यानंतर पुढे काय, हा प्रश्नच त्यांच्यातले बरेचजण घेत नाहीत, एवढ्यापुरतं आहे. चुंबकीय थर वेष्टनातही विरतच असतो. काचेच्या कपाटात ठेवलेल्या, चाळीस वर्षांत एकदाही न वाचलेल्या डिस्कवर खेळ आहे की नाही हे तिच्या मालकालाही माहीत नसतं.

पण डिस्क वाचणं म्हणजे नुसती 'कॉपी'ची आज्ञा देणं, अशी समजूत असेल तर या पुस्तकातलं अ‍ॅपल टूवरचं प्रकरण आधी वाचावं. स्टीव्ह वॉझनियॅक यांनी 1978 चा डिस्क टू हा ड्राइव्ह मोजक्या चिपांमध्ये बसवला आणि बाकीचं सगळं काम सॉफ्टवेअरकडे सोपवलं. त्यामुळे डिस्कवर अक्षरं कशी मांडायची हेही प्रोग्रॅमरच्या हातात आलं. सर्वसाधारण मांडणी अशी: 35 ट्रॅक, प्रत्येकात 16 सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये 256 बाइट; सगळे मिळून 140 किलोबाइट. खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी ही मांडणी मुद्दाम मोडली, म्हणजे साध्या प्रोग्रॅमने नक्कल होऊ नये. 'प्रिन्स'ची प्रकाशक ब्रॉडरबंड. तिच्यासाठी रोलंड गुस्टाफसन यांनी एका ट्रॅकवर 18 सेक्टर बसवणारी पद्धत काढली. जागा वाढली आणि शिवाय नक्कल करणाराही अडला, असा दुहेरी फायदा.

याहून मती गुंग करणारं उदाहरण म्हणजे अटारी एसटी संगणकावरचा 1987 चा 'डन्जन मास्टर'. त्याच्या डिस्कवर एका जागी मुद्दाम अर्धवट, अस्पष्ट चुंबकीय खुणा उमटवल्या होत्या. तिथे ड्राइव्हला शून्य आहे की एक हे नक्की ठरवता येत नाही, त्यामुळे दर वेळी वेगळं उत्तर येतं. खेळ तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो. उत्तर बदलत असेल तर डिस्क अस्सल. उत्तर प्रत्येक वेळी सारखं आलं, तर ती नक्कल. म्हणजे जी डिस्क नेमकं, स्पष्ट, न चुकता वाचता येते तीच खोटी! बरं, ही तपासणी एकदाच होत नाही. खेळाच्या पोटात ती ठिकठिकाणी दडवलेली होती, त्यामुळे सुरुवातीचा पहारा चुकवणारा पुढे कुठेतरी सापडायचाच.

अशा डिस्कचा डेटा जपायचा तर फायली उतरवून भागत नाही. डिस्कवरचा चुंबकीय बदल जसा आहे तसा, वेळेच्या मापासकट टिपावा लागतो. एका बदलापासून दुसऱ्यापर्यंत किती काळ गेला, याची अब्जांश सेकंदांच्या हिशेबातली नोंद. या नोंदीला त्या क्षेत्रातले लोक 'फ्लक्स' म्हणतात. क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल, अ‍ॅपलसॉस ही त्यासाठी बनलेली यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांनी केलेली नाहीत. घरच्या टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्यांनी ती केली. अ‍ॅमिगा संगणकाच्या खेळांसाठी 2001 च्या सुमारास एकत्र आलेल्या एका गटातून क्रायोफ्लक्स जन्माला आलं. विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी ती यंत्रं नंतर विकत घेतली.

आणि मग येतात ते ज्यांना एकेकाळी चोर म्हटलं गेलं. 1980 च्या दशकात खेळांचं कुलूप फोडून प्रती वाटणाऱ्या क्रॅकर मंडळींमुळे कितीतरी खेळ जिवंत राहिले, हे नाकारता येत नाही. पण त्यांनी खेळांची मोडतोडही केली. आपल्या टोळीचं नाव पहिल्या पडद्यावर घुसडलं, जागा वाचवण्यासाठी सुरुवातीची चित्रं नि संगीत छाटलं. आज '4am' या टोपणनावाने वावरणारी एक व्यक्ती अ‍ॅपल टूच्या अस्सल डिस्का घेते, फक्त कुलूप काढते, बाकी एका बाइटलाही धक्का लावत नाही, आणि कुलूप कसं होतं नि ते कसं निघालं याचं टिपण सोबत जोडून सगळं इंटरनेट आर्काइव्हवर ठेवते. ही टिपणं मी रहस्यकथांसारखी वाचत आलो आहे. मुलांना बेरीज शिकवणाऱ्या कुठल्याशा विस्मृतीत गेलेल्या प्रोग्रॅमलाही तिथे तेवढाच मान मिळतो, जेवढा नावाजलेल्या खेळाला.

इथे मराठी वाचकाला एक ओळखीची गोष्ट आठवावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि 1966 मध्ये ते पुरं झालं. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी देशभरातल्या हजारावर पोथ्या ताडून पाहिल्या, आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवला. एखादी पोथी किती देखणी आहे हा त्यांचा प्रश्न नव्हता. पण पोथी हातात घेतल्यावाचून त्यांचं पानही हललं नसतं. खेळांनाही पाठभेद असतात. डॉसवरच्या 'प्रिन्स'चं उदाहरण घ्या. पहिल्या 1.0 आवृत्तीत चोरवाट उघडायची तर खेळाच्या नावापुढे 'मेगाहिट' हा शब्द टाकावा लागे. 1.3 आणि 1.4 मध्ये तो चालत नाही, तिथे 'इम्प्रूव्ह्ड' लागतो. नव्वदच्या दशकात ज्याला 'मेगाहिट' ठाऊक होतं, जो शिफ्ट आणि एल दाबून तुरुंगातले मजले ओलांडत सुटायचा, त्याच्या संगणकावर कुठला पाठ होता हे आज त्या एका शब्दावरून सांगता येतं.

आपल्याकडे हा खेळ खोक्यात बहुतेकांनी पाहिलाच नाही. कॉम्प्युटर क्लासमधल्या मशीनवरून, ऑफिसातल्या 386 वरून, कुणाच्या आतेभावाच्या फ्लॉपीवरून तो आला. 'डेव्ह'चंही तेच. जॉन रोमेरो यांचा 'डेंजरस डेव्ह' 1988 मध्ये डिस्कवरून निघणाऱ्या एका मासिकासाठी अ‍ॅपल टूवर लिहिला गेला आणि पुढे डॉसवर आला. भारतात तो असा पसरला की प्रकाशकाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे संग्राहकांच्या हिशेबात आपण कुठेच नाही. आपल्या पिढीच्या हातात फक्त डेटा होता. त्याचे तोटेही आपण भोगले. डॉसवरच्या 'प्रिन्स'मध्ये पहिला टप्पा पार केला की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली लागते. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. मॅन्युअल कुणाकडे असणार? मग अंदाजपंचे दाहोदरसे. 'मंकी आयलंड'सोबत समुद्री चाच्यांचे चेहरे जुळवायची पुठ्ठ्याची फिरती चकती येत असे. ती नसेल तर खेळ दारातच अडवायचा. अशा खेळांत कागद हा खेळाचाच भाग असतो, आणि तो जपायला खोकी सांभाळणाराच लागतो. दुसऱ्या पंथाने हे कबूल करायला उशीर केला, असं माझं मत आहे. नुसत्या डिस्क-प्रतिमा गोळा करून 'सगळं जपलं' म्हणणाऱ्यांच्या यादीत मॅन्युअलं नसत, आणि आवृत्तीचा आकडाही नसे.

आपल्याकडच्या फ्लॉप्यांविषयी एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. मुंबईच्या नि कोकणाच्या पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरते. चकती हळूच फिरवून उजेडात पाहिली तर पांढुरके डाग दिसतात. अशी फ्लॉपी 'बघू चालते का' म्हणून ड्राइव्हमध्ये घालू नये. थर तर जातोच, शिवाय ड्राइव्हच्या डोक्याला लागलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरबाडते. आधी साफ करून घ्यावी, लिहिण्याची सोय बंद करावी, मगच वाचावी.

कायद्याचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत कोरडं, आणि मला वाटतं सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली: तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज कुठेही रीतसर विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी जपलेले असे खेळ अभ्यासकांना घरबसल्या उघडून पाहता यावेत, एवढी सवलत मागितली गेली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. पुस्तक किंवा चित्रपट असता तर एवढं अडवलं नसतं. लोक अभ्यासाच्या नावाखाली खेळत बसतील, ही भीती.

आपल्या कायद्यातली गंमत वेगळी आहे. संगणक-प्रोग्रॅम आपल्याकडे साहित्यकृतींत मोडतो, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क शाबूत. ज्या फ्लॉपीवर तो साठवला, तिने तीस वर्षं काढली तरी पुष्कळ झालं. 2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये ग्रंथालयांसाठी एक चांगली सोय आली: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कुठलीही कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. अट एकच, त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. पोथी, नियतकालिक, नकाशा यांना हे बरोबर लागू पडतं. पण फ्लॉपीवरच जन्मलेल्या खेळाची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कागद होता, आणि त्यांना दोष द्यावा असंही मला वाटत नाही. त्यांच्यापुढे खेळ घेऊन कुणी गेलंच नव्हतं.

पुस्तकात एक प्रकरण नाही आणि त्याची मला चुटपुट आहे. 1999 मध्ये मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी निघाली आणि पुढे डिस्नीच्या ताब्यात गेली. मधल्या काळात तिने साध्या बटनांच्या मोबाइल फोनांसाठी जावा खेळ काढले. हे खेळ फोन कंपनीच्या सेवेवरून थोड्या रुपयांत उतरवले जात. त्यांना खोकं नव्हतं, मॅन्युअल नव्हतं, फ्लॉपी नव्हती. एकाच खेळाच्या वेगवेगळ्या पडद्यांच्या फोनांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असत, आणि फोन बदलला की खेळ गेला. संग्राहकाला हातात धरायला काही नाही, आणि डेटा राहिला असेल तर तो बॅटरी फुगून बंद पडलेल्या कुठल्यातरी फोनात. त्या कंपन्यांत काम केलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि बहुतेक मुंबई-पुण्यातच आहेत. जुन्या हार्ड डिस्क, बॅकपच्या सीड्या, कुठल्या फोनवर कोणती फाइल चालायची याच्या याद्या त्यांच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या आत्ताच मागायला हव्यात. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण यावं असं संपादकांना मी सांगितलं आहे, आणि ते लिहायला निम्मी तरी माणसं मीच शोधून देईन असं कबूलही केलं आहे.